भात वाफाळता होता, तरीही…

(वार्षिक उपकारस्तुती मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात मी उभी राहते आणि वसतिगृहातील मुलांची संख्या, दहावीचा निकाल, शिवणवर्ग, पाण्याची टाकी असा हिशेब तुमच्यापुढे ठेवते. यंदा तो हिशेब छापून तुमच्या हाती दिला आहे. आज मला एका रात्रीविषयी बोलायचे आहे. या गोष्टीला सहा वर्षे झाली. सहा वर्षांत मी तुम्हांला कितीतरी आभारपत्रे लिहिली, पण ही रात्र एकाही पत्रात आली नाही. ती मी लपवली, असे म्हटले तरी चालेल.

एका मंडळीत कापणीचा सण होता. कोणती मंडळी ते सांगणार नाही. आपल्यापैकी कोणतीही असू शकली असती. सकाळी नऊच्या सुमारास पुलावाचा भात शिजून तयार झाला. उपासना झाली, मग अर्पणात आलेल्या भाज्या, कोंबड्या, धान्य यांचा लिलाव झाला, आणि दुपारी एकला पंगती बसल्या. जेवणे उरकली तेव्हा दोन मोठे टोप भात उरला होता. कोणीतरी म्हणाले, "हा आपल्या आदिवासी मुलांना पाठवू. बिचारी खूश होतील." टोपांवर झाकणे घातली, गार होऊ नये म्हणून भोवती गोणपाट गुंडाळले आणि चार वाजता जीप निघाली. घाट चढून ती आमच्याकडे पोहोचली तेव्हा सात वाजले होते.

आमच्या स्वयंपाकीण मावशी पाड्यावरच्याच. त्यांनी झाकण उचलले. वास चांगला होता, रंग चांगला होता, भात हाताला कोमट लागत होता. मला म्हणाल्या, "ताई, सकाळचा भात दिसतोय. त्यापेक्षा मी नागलीच्या भाकरी टाकते, डाळ तर झालीच आहे." मी म्हणाले, "मावशी, लोकांनी एवढ्या प्रेमाने पाठवलाय. नीट गरम करा म्हणजे झालं." त्यांनी नीटच गरम केला. तळापर्यंत उलथणे घालून, पाण्याचा हबका मारून, वाफा येईपर्यंत. मुले आनंदाने जेवली. साडेनऊच्या सुमारास पहिल्या मुलाला उलटी झाली. अकरापर्यंत सतरा मुले ओकत होती.

त्या रात्रीचे सगळे वर्णन करत नाही. क्षारसंजीवनीची पाकिटे होती, ती कामी आली. सर्वांत लहान मुलगा पाणीही पोटात ठेवेना, तेव्हा त्याला आणि आणखी तिघांना ग्रामीण रुग्णालयात नेऊन सलाईन लावावे लागले. देवाच्या कृपेने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळी मुले उठून बसली होती.

पण त्या रात्री माझ्या हातून आणखी एक गोष्ट घडली. मुलांना रुग्णालयात पोहोचवून परतल्यावर मी मावशींना दिव्याखाली बोलावले आणि त्यांचे हात उलटेपालटे करून पाहिले. नखे पाहिली, कुठे जखम आहे का पाहिले. विहिरीचे पाणी भरताना हंडा झाकला होता का, हे विचारले. त्या काही बोलल्या नाहीत. शहरातून आलेल्या भाताविषयी माझ्या मनात शंकाही आली नव्हती. तो तर आपल्या लोकांनी, स्वच्छ स्वयंपाकघरात, प्रार्थना करून रांधलेला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला तीन प्रश्न विचारले. काय खाल्ले? खाल्ल्यावर किती वेळाने उलट्या सुरू झाल्या? ताप आहे का? मी सांगितले : सकाळचा भात, दोन तासांच्या आत, ताप नाही. ते म्हणाले, "भातात तयार झालेले जंतूंचे विष असणार. उरलेला भात आणलात का तपासायला?" तो आम्ही पहाटेच फेकून टोप घासून ठेवले होते. त्यामुळे खात्रीचा पुरावा आमच्याजवळ कधीच आला नाही. मी विचारले, "पण डॉक्टर, भात तर चांगला वाफाळता केला होता." त्यावर त्यांनी जे सांगितले, त्यासाठी आज मी तुमचा हा वेळ घेत आहे.

जंतू मरतो, विष राहते

आपल्या सर्वांची समजूत अशी असते की अन्नात जंतू शिरले तरी उकळी आणली की ते मरतात आणि अन्न निर्धोक होते. यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. दुसरा भाग नेहमी खरा नसतो. काही जंतू अन्नात वाढताना एक विष तयार करून अन्नातच सोडतात. नंतर उष्णतेने जंतू मेला तरी त्याने सोडलेले विष तिथेच राहते, आणि त्यातली काही विषे उकळत्या पाण्याच्या उष्णतेलाही दाद देत नाहीत.

भाताच्या बाबतीत हा जंतू म्हणजे बॅसिलस सिरियस. तो मातीत राहतो, म्हणून शेतातून तांदळाबरोबर थेट आपल्या घरी येतो. तांदूळ कितीही धुतला तरी तो थोडाफार उरतोच. परिस्थिती कठीण झाली की हा जंतू स्वतःभोवती टणक कवच करून झोपी जातो. त्या अवस्थेला बीजाणू म्हणतात. भात शिजताना जंतू मरतात, पण कवचातले बीजाणू त्यातून वाचू शकतात. ताजा गरम भात आपण लगेच खाल्ला तर या थोड्या बीजाणूंनी सहसा काही बिघडत नाही. पण तोच भात कोमट होऊन तासन्‌तास पडून राहिला, तर कवच फुटते, जंतू जागा होतो आणि वाढू लागतो.

ही वाढ कशी असते ते पाहा. ऊब आणि ओलावा मिळाला तर असे जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. एकाचे दोन, दोनाचे चार, तासाभरात आठ. तीन तासांत ५१२. सात तास याच गतीने गेले तर एका जंतूचे २० लाख ९७ हजारांहून अधिक होतात. प्रत्यक्षात गती कमीजास्त होते, पण वेळ किती महत्त्वाचा आहे हे यावरून कळते. आता आमच्या भाताचा वेळ मोजा. सकाळी नऊला शिजला, संध्याकाळी सातनंतर पुन्हा चुलीवर चढला. मधले दहा तास तो भरल्या टोपात, झाकणाखाली, गोणपाटात होता. गार होऊ नये म्हणून प्रेमाने गुंडाळलेले ते गोणपाट जंतूंची दुलई झाले.

या जंतूचे उलटी आणणारे विष इतके चिवट आहे की प्रयोगात ते १२१ अंश सेल्सियसला दीड तास ठेवले तरी टिकून राहिले. पाणी १०० अंशांना उकळते. मग मावशींनी चुलीवर आणखी तासभर जाळ केला असता तरी काय झाले असते? जंतू मेले असते, मुले आजारी पडलीच असती. त्यांचे हात, त्यांची चूल, त्यांची विहीर यांचा या गोष्टीशी काही संबंध जोडता येत नव्हता.

हे ज्ञान माणसांनी फार मोल देऊन मिळवले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर नॉर्वेत एका रुग्णालयातील अनेक लोक व्हॅनिला सॉस खाऊन आजारी पडले. सॉस आदल्या दिवशी करून तसाच बाहेर ठेवला होता. स्टाइनार हाउगे या संशोधकाला बॅसिलस सिरियसचा संशय आला. खात्री करण्यासाठी त्याने सॉसमध्ये तो जंतू मुद्दाम वाढवला आणि स्वतः जवळजवळ २०० मिलिलिटर प्यायला. काही तासांनी पोटात कळा येऊन त्याला जुलाब लागले. म्हणजे हा जंतू दोन तऱ्हांनी छळतो : एका प्रकारात अन्नातल्या तयार विषाने लवकर उलट्या, दुसऱ्यात आतड्यात तयार होणाऱ्या विषाने उशिरा जुलाब. पुढे १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये चिनी खानावळीतला फ्राइड राइस खाऊन लोकांना उलट्या होऊ लागल्या. आदल्या रात्री ढीगभर भात शिजवून तो बाहेर ठेवायचा आणि सकाळी कढईत झटपट परतायचा, अशी तिथली पद्धत होती. कढईची आच मोठी असली तरी रात्रीत तयार झालेले विष गेले नाही. आमच्या वसतिगृहात घडले ते याच जातीचे.

हात स्वच्छ, तरीही

दुसरा जंतू आपल्या अंगावरच असतो. त्याचे नाव स्टॅफिलोकोकस ऑरियस. धडधाकट माणसांपैकी साधारण तिघांत एकाच्या नाकात तो मुक्कामाला असतो. गळू, नखुरडे, पू झालेली जखम यांत तर भरपूर. शिंकेतून, नाकाला लावलेल्या हातातून, पिकलेल्या बोटातून तो अन्नात पडतो. बहुतेक जंतूंना खारट किंवा फार गोड पदार्थ सोसत नाही, याला बऱ्यापैकी सोसतो. खवा, पेढे, बासुंदी, पनीर, क्रीमचा केक, शिजवून हाताने सोललेले बटाटे, कोंबडीचे शिजवून सोडवलेले मांस, या सगळ्यांवर तो वाढतो. याचेही विष उकळून जात नाही.

१९१४ साली बार्बर नावाच्या संशोधकाने फिलिपिन्समधल्या एका शेतावरची हकिकत प्रसिद्ध केली. तिथले दूध पिऊन लोक आजारी पडत. दूध ताजे प्यायले तर काही होत नसे, काही तास तसेच बाहेर राहिले की मात्र उलट्या. बार्बरने स्वतः ते दूध पिऊन पाहिले, आजारी पडला, आणि एका गाईच्या सडातून येणाऱ्या स्टॅफिलोकोकसपर्यंत जाऊन पोहोचला. माझ्या मते या हकिकतीत सगळा धडा आहे. गाय तीच, दूध तेच, जंतू तोच. फरक फक्त मधल्या तासांचा.

भगिनींनो, नाताळच्या दिवसांत आपण खव्याचे पदार्थ आणि केक करून डब्यांत भरतो, आणि ते डबे दुपारभर बसमधून प्रवास करतात. हे मी कोणाला हिणवण्यासाठी सांगत नाही. मीही तसे डबे नेले आहेत. या विषाला वास नसतो, रंग नसतो, चव नसते. वाढण्याआधी कोणीतरी चाखून पाहावे ही पद्धत चांगली आहे, पण चाखणाऱ्याला हे विष जिभेवर कळत नाही.

मोठा टोप

तिसरा जंतू आपल्या प्रीतिभोजनांचा खास सोबती आहे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स असे त्याचे नाव. याला हवा नको असते. मटणाचा रस्सा, मोठा टोप, खोल तळ, हळूहळू निवणारे अन्न, हे त्याचे घर. ४३ ते ४७ अंशांच्या आसपास तो फारच झपाट्याने वाढतो, दहा-बारा मिनिटांत दुप्पट. वरचा थर गार झाला तरी टोपाच्या पोटात कितीतरी तास हीच ऊब असते. हा जंतू आपले विष मुख्यतः आपल्या आतड्यात गेल्यावर सोडतो, म्हणून जेवणानंतर सहा ते चोवीस तासांनी पोटात कळा येऊन जुलाब होतात. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अर्धे गाव आजारी, असे आपण ऐकतो, त्यामागे पुष्कळदा हा असतो. इथे मात्र खाण्याआधी अन्न आतपर्यंत खळखळ उकळले तर फायदा होतो, कारण जंतू मेला की पुढचे विष तयार होत नाही.

म्हणजे गरम करणे व्यर्थ आहे, असे मी म्हणत नाही. गरम करावेच. पण गरम केले म्हणून आधीचे दहा तास पुसले जात नाहीत.

मरणाचे विष

चौथ्याचे नाव ऐकून भीती वाटेल, पण त्याची ओळख हवी. डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियममधील एलझेल या गावी एक मयत झाली. तिथे वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेले डुकराचे मांस खाल्ले. पुष्कळ जण आजारी पडले, तिघे दगावले. व्हॅन एर्मेंगेम या वैद्याने त्या मांसातून जो जंतू शोधला, त्याला आज क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम म्हणतात. हवा न शिरणाऱ्या डब्यात, बरणीत, पिशवीत, पुरेसा आंबटपणा नसलेल्या अन्नात तो वाढतो. त्याचे विष नसांवर काम करते. आधी डोळ्यांना एकाचे दोन दिसते, पापण्या लवतात, जीभ जड होते, गिळता येत नाही, मग अंग लुळे पडत श्वासापर्यंत पोहोचते. आपल्याकडे हा आजार क्वचित दिसतो, पण १९९६ साली शेजारच्या गुजरातमध्ये एका निवासी शाळेतील ३४ विद्यार्थ्यांमध्ये अशी लक्षणे दिसली, तिघे गेले, आणि तपासात संशय बेसनाच्या शेवेवर आला. निवासी शाळा, डबाबंद खाऊ. आमच्यासारख्या संस्थांनी ही गोष्ट विसरू नये.

हे विष सर्वांत जहाल असूनही चांगल्या उकळीने नष्ट होते. त्याचे बीजाणू मात्र साध्या उकळीने मरत नाहीत. म्हणून फुगलेला डबा, झाकण उचकटलेली बरणी, उघडताना फसफसणारे बंद अन्न चाखूनसुद्धा पाहू नये, फेकून द्यावे. आणि एक गोष्ट आयांसाठी. आपल्याकडे बाळाला मध चाटवण्याची रीत आहे. आमच्या डोंगरात तर मध घरचाच. मधात या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही, पण एक वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष करू शकतात. वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध नको, बोटभरही नको.

आम्ही काय बदलले

त्या रात्रीनंतर आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आम्ही काही नियम लिहिले. तुमच्या मंडळीच्या स्वयंपाकघरातही ते उपयोगी पडतील.

शिजलेले अन्न एकतर गरम ठेवायचे, नाहीतर गार. ६० अंशांच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली. मधली ऊब जंतूंची. आमच्याकडे थर्मामीटर नाही, म्हणून आम्ही घड्याळ वापरतो : चुलीवरून उतरल्यापासून दोन तासांत पंगत उठली पाहिजे, कडक उन्हाळ्यात एका तासात.

उरलेले ठेवायचेच असेल तर टोपात ठेवायचे नाही. लगेच परातींमध्ये चार बोटांहून कमी जाडीचा थर पसरायचा, परात गार पाण्यावर ठेवायची, निवल्याबरोबर झाकून फ्रीजमध्ये. फ्रीज नसेल किंवा वीज गेली असेल, तर उरेल इतके शिजवायचेच नाही. आता मावशी डोकी मोजल्याशिवाय तांदूळ वैरत नाहीत.

बोट पिकलेले, गळू झालेले, पोट बिघडलेले माणूस त्या दिवशी स्वयंपाकाला हात लावत नाही. त्याची मजुरी मात्र कापायची नाही. मजुरी कापली की माणूस जखम लपवतो.

प्रत्येक जेवणातील वाटीभर अन्न झाकून, तारीख लिहून, दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रीजमध्ये ठेवतो. पुन्हा डॉक्टरांनी विचारले तर हात रिकामे नकोत.

आणि मुले आजारी पडलीच तर आधी पाणी. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, घोट घोट. अन्नात तयार झालेल्या विषावर प्रतिजैविकांची गोळी चालत नाही, म्हणून दुकानातून आणून देऊ नये. लहान मूल घोटही ठेवत नसेल, सुस्तावले असेल, लघवी थांबली असेल, संडासात रक्त असेल किंवा दोन-दोन दिसत असेल तर थांबू नका, रुग्णालय गाठा.

तुमच्याकडे एक मागणे

आता ज्यासाठी उभी राहिले ते सांगते. कृपा करून आमच्या मुलांना उरलेले शिजवलेले अन्न पाठवू नका.

हे म्हणायला मला सहा वर्षे लागली, कारण मला भीती होती. लोक दुखावतील, पुढच्या वर्षी तांदूळही येणार नाही, असे वाटायचे. म्हणून त्या वेळी आभाराचे पत्र लिहिताना मी लिहिले की मुले आनंदाने जेवली. ते खरे होते. पुढचे मी लिहिले नाही. पुढच्या वर्षी त्याच मंडळीतून पुन्हा दोन टोप आले. मी ते रात्री खड्ड्यात पुरले आणि पुन्हा आभाराचे पत्र लिहिले. अन्न मातीत घालताना मावशी माझ्याबरोबर होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, त्यांना सांगा ना. त्यांना काय माहीत?" खरेच आहे. तुम्हांला कोणी सांगितलेच नव्हते.

कोणी मला विचारतील की प्रभूने पाच हजारांना जेवू घातल्यावर उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले नव्हते का? सांगितले होते. अन्न वाया घालवू नये हे आपण तिथून शिकतो. पण ते तुकडे जेवण होताच, त्याच गवतावर गोळा झाले होते. आणि निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात रानात मिळालेला मान्ना ज्यांनी सकाळपर्यंत ठेवला, त्यांच्या भांड्यात किडे पडले. लेवीयाच्या सातव्या अध्यायात उपकारस्तुतीच्या अर्पणाचे मांस त्याच दिवशी खाऊन संपवायची आज्ञा आहे. मी यातून जंतुशास्त्र काढत नाही. पण उपकारस्तुतीचे जेवण ताजे आणि एकत्र बसून खायचे असते, एवढे मला त्यातून कळते. जे अन्न त्या दिवशी आपण आपल्या घरच्या लेकरांना रात्री दिले नसते, ते आपण घाटावरच्या लेकरांना दिले. मी स्वतः ते वाढले.

शिजलेले अन्न उरलेच, तर पंगत संपताच शेजारच्या वस्तीत, तासाभरात पोटात जाईल अशा ठिकाणी द्या. आमच्याकडे पाठवायचे असेल तर कोरडे पाठवा : तांदूळ, नागली, तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, तेल. किंवा सर्वांत चांगले, तुम्हीच या. सकाळी निघा, धान्य बरोबर आणा, आमच्या चुलीवर आमच्या मावशींबरोबर रांधा आणि मुलांच्या पंगतीत बसून त्याच परातीतले जेवा. दिवाळीच्या सुट्टीआधी एक मंडळी अशी आली होती. तिथल्या एका आजीबाईंना मावशींनी नागलीची भाकरी थापायला शिकवली. आजींच्या चार भाकऱ्या तुटल्या, मुले पोट धरून हसली. त्या दिवशी काही उरले नाही.

शेवटी मावशींविषयी. त्या रात्री मी त्यांचे हात तपासले, हे मी सांगितलेच. रुग्णालयातून परतल्यावर मी त्यांच्याकडे गेले आणि झाले ते सगळे सांगून माफी मागितली. त्या शेगडी सारवत होत्या. म्हणाल्या, "मुलं बरी झाली ना, मग झालं." पण पुढे कितीतरी दिवस माझ्यासमोर भाकरी थापायला बसल्या की आधी त्या आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून मला दाखवत. मी म्हणे, "मावशी, नको." त्या दाखवतच. आता दाखवत नाहीत. त्याला दोन वर्षे लागली.

 या वेळी पत्रात सगळे लिहीन.